खुंटीवरची बंदूक : कायदा कडक केला तर हिंसा कमी होते का?

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे. या भागात आत्महत्येचा उल्लेख आहे.)

आजचा भाग एका ईमेलमुळे करतोय. अमेरिकेत राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांची मुलगी पहिलीत आहे. शाळेत मुलांचा सराव घेतात, की कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर दिवे बंद करायचे, कोपऱ्यात बसायचं, आवाज करायचा नाही. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, मी सगळ्यात शांत बसले, मला स्टिकर मिळाला." ताई पुढे लिहितात, "माझा नवरा म्हणतो कायदा कडक करा. शेजारी म्हणतात कायद्याने काही होत नाही, गुंड काय कायदा वाचून येतात? तुम्ही आकडे बघता, तुम्ही सांगा."

मी दोन आठवडे यावर वाचत बसलो होतो. उत्तर देतो. पण आधी सांगितलं पाहिजे की मी तटस्थ नाहीये. माझ्या घरात बंदूक होती.

घर म्हणजे गावचं घर, सिंधुदुर्गात. आमच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना ही काही नवलाची गोष्ट नाही. रानडुक्कर एका रात्रीत कुणग्याची वाट लावतो, माकडं नारळ नि काजू ठेवत नाहीत. त्यामुळे कितीतरी घरांत आजोबांच्या काळापासूनची ठासणीची नाहीतर काडतुसाची बंदूक असते. आमची पडवीच्या आतल्या खोलीत खुंटीला टांगलेली असायची. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती, पण तिची भीतीही वाटत नव्हती. कोयता, कुदळ, बंदूक. तेव्हा ज्यांच्या घरी बंदूक आहे ते सगळे माथेफिरू, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. हे मनात धरून पुढचं ऐका.

आता ताईंच्या शेजाऱ्यांचं म्हणणं घेऊ. ते मूर्खपणाचं नाहीये. माणसाच्या मनात खून असेल तर तो सुरीने करेल, असा त्यांचा मुद्दा असतो. १४ डिसेंबर २०१२ ही तारीख बघा. त्या दिवशी चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनपेंग गावात एक माणूस सुरी घेऊन प्राथमिक शाळेत घुसला. २३ मुलांना त्याने जखमी केलं. त्याच दिवशी अमेरिकेत कनेटिकट राज्यात सँडी हुक शाळेत २० वर्षांचा एक मुलगा रायफल घेऊन घुसला. तिथे २० मुलं आणि ६ मोठी माणसं मेली. चेनपेंगमधलं एकही मूल मेलं नाही.

दोन्हीकडे वेड तेच म्हणू, द्वेष तोच म्हणू. हातातलं हत्यार वेगळं. आणि सँडी हुकमधल्या बंदुका चोरबाजारातल्या नव्हत्या. त्या मुलाच्या आईने रीतसर विकत घेतलेल्या होत्या. पहिला बळीही तीच.

म्हणून "हिंसा कमी होईल का" या प्रश्नातला हिंसा हा शब्दच मला जरा सैल वाटतो. रागाला, भांडणाला, दारूला बंदुकीचा कायदा हात लावत नाही. तो लावणारही नाही. प्रश्न असा विचारायला हवा, की तेवढ्याच रागात माणसं कमी मरतील का?

याचं सगळ्यात जास्त चघळलेलं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलिया. २८ एप्रिल १९९६, रविवार. टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर म्हणून जुन्या तुरुंगाचे अवशेष आहेत, पर्यटक जातात. तिथे एका माणसाने ३५ जणांना गोळ्या घातल्या. पंतप्रधान होते जॉन हॉवर्ड. निवडून येऊन दोन महिनेही झाले नव्हते. आणि पक्ष कोणता, तर उजव्या बाजूचा, ग्रामीण मतांवर उभा, म्हणजे ज्यांच्याकडे बंदुका आहेत तेच यांचे मतदार. तरी बारा दिवसांत त्यांनी सगळ्या राज्यांना एका टेबलावर आणून करार केला. सेल नावाच्या गावात चिडलेल्या बंदूकधारकांसमोर ते भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी कोटाच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं. ते कपड्यांतून दिसत होतं. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की ते घालायला नको होतं.

करारात काय होतं ते नीट ऐका, कारण लोकांना वाटतं ऑस्ट्रेलियाने बंदुकांवर बंदी घातली. तसं नाही. आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या रायफली आणि पंप ॲक्शन शॉटगन सर्वसामान्यांना बंद केल्या. त्या सरकारने बाजारभावाने विकत घेतल्या, सुमारे साडेसहा लाख, आणि नष्ट केल्या. पैसे कुठून आणले? आरोग्यविम्याचा जो कर होता त्यात एका वर्षापुरती ०.२ टक्क्याची वाढ केली. बाकी बंदुका राहिल्या. पण प्रत्येकीची नोंद, विकत घेण्याआधी २८ दिवस थांबायचं, कुलपात ठेवायची, आणि ती का हवी याचं खरं कारण द्यायचं. शेतकरी आहे, शिकार करतो, नेमबाजीच्या क्लबात आहे, ही कारणं चालतील. स्वसंरक्षण हे कारण चालणार नाही. माझ्या मते त्या करारातलं सगळ्यात धाडसी वाक्य हेच.

मग झालं काय? पाच किंवा जास्त माणसं मारणारे सामूहिक गोळीबार त्याआधीच्या १८ वर्षांत १३ झाले होते. त्यानंतर पुढची २२ वर्षं एकही नाही. २०१८ मध्ये एका शेतघरात एकाच कुटुंबातले लोक मारले गेले, तो पहिला. आणि २०२५ च्या डिसेंबरात सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या सणाच्या कार्यक्रमावर हल्ला झाला, १५ जण गेले. त्यातल्या एका हल्लेखोराकडे रीतसर परवाना होता. म्हणजे कायदा ही भिंत नाही, ती झिजते, तिच्यात फटी पडतात. सरकारने लगेच पुन्हा बंदुका विकत घेण्याची योजना जाहीर केली. शेजारी न्यूझीलंडनेही २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं गेल्यावर महिन्याच्या आत तसा कायदा केला होता. संसदेत विरोधात मत किती? एक.

पण इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, जी कायद्याच्या बाजूचे लोक घाईत गाळतात. ऑस्ट्रेलियात बंदुकीने होणारे खून १९९६ च्या आधीपासूनच कमी होत होते. नंतरची घट किती कायद्यामुळे आणि किती अशीही झाली असती, यावर अभ्यासकांचं आजही भांडण आहे. ज्यावर त्यामानाने कमी भांडण आहे, ती गोष्ट आकड्यांच्या तळाशी पडलेली असते. तिच्याकडे मी येतोय. त्याआधी गुंडांचं बघू.

गुंड कायदा वाचत नाहीत, हे खरंच. मेक्सिको बघा. तिथे कायदा इतका कडक, की वर्षानुवर्षं अख्ख्या देशात कायदेशीर बंदूक विकणारं दुकान एकच होतं, राजधानीत, तेही लष्कराचं. आणि काही वर्षांत तर तीस हजारांवर खून झाले. कारण उत्तरेच्या सीमेपलीकडे, अमेरिकेत, दुकानंच दुकानं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? आपला शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ मध्ये दुरुस्ती करून परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं केलं, लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. कागदावर आपला कायदा अमेरिकेच्या तुलनेत लोखंडी आहे. पण पेपर उघडा, जळगाव-धुळ्याकडची बातमी असतेच, गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं जप्त. आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतेक हत्यारं बिनपरवान्याचीच असतात. तेव्हा परवान्याचा फॉर्म चार पानांचा आठ पानी केला म्हणून कट्टा बनवणारा भट्टी विझवणार नाही. तिथे पोलीसच लागतात. कायदा कडक करा म्हणणाऱ्यांनी हे मान्य करावं, उगीच सगळ्या रोगांवर एकच काढा पाजू नये.

आता तळाशी पडलेली गोष्ट.

ताई, तुमच्या देशात २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली. टीव्हीवर आपण शाळा बघतो, मॉल बघतो. त्या आकड्यातली निम्म्याहून जास्त, २६ हजारांवर, माणसं स्वतःच्या हाताने गेली. ऑस्ट्रेलियात तर बंदुकीच्या मृत्यूंत आत्महत्यांचा वाटा याहूनही मोठा, आणि कायद्यानंतर ठळकपणे घटल्या त्या याच. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एक साधा बदल केला. आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी रायफल छावणीतच ठेवून जायचं. सैन्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या.

लोक म्हणतात, ज्याला मरायचंय तो काहीही करून मरतो. मीही हेच समजत होतो. हे खोटं आहे. ती लाट बऱ्याचदा काही तासांची असते, कधी मिनिटांची. त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. बंदूक मात्र दुसरी संधी जवळपास देतच नाही.

हे मी वाचून शिकलो असं म्हणालो तर खोटं ठरेल.

२००९ सालच्या पावसाळ्यात आमची काकू गेली. आबा, म्हणजे माझे काका, घरात एकटे. विधानसभेची निवडणूक लागली, आचारसंहिता आली. तुम्हाला माहीत असेल, निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आबा भयंकर चिडले होते. भात पसवत होतं, डुकरांचे कळप उतरत होते, आणि नेमकी तेव्हाच बंदूक द्यायची. मला फोन करून म्हणाले, मत मागायला येतील त्यांनाच शेतात राखणीला बसवतो. बंदूक जमा केली, पावती आणली.

पुढची गोष्ट त्यांनी मला सात-आठ वर्षांनी सांगितली, पडवीत बसून, सुपारी कातरता कातरता, मी काही विचारलेलं नसताना. त्या सप्टेंबरातल्या एका रात्री ते उठले. त्यांचेच शब्द : "हात खुंटयेर गेलो. खुंटी रिकामी. मगे तसोच बसान रवलंय. उजाडला." बंदूक जमा केलीय हे ते विसरले होते. उजाडेपर्यंत बसून राहिले, मग गाय हंबरायला लागली, तिला पाणी दाखवायला उठले.

एवढंच बोलले आणि पान लावलं. पुन्हा कधी हा विषय काढला नाही. दीड वर्षापूर्वी गेले, म्हातारपणाने, भरल्या घरात, नातवाच्या मुंजीत जेवून.

निवडणूक आयोगाच्या मनात माझा काका नव्हता. मतदान केंद्रावर गोळीबार होऊ नये म्हणून तो नियम. पण ताई, माझं उत्तर त्या रिकाम्या खुंटीवरून आलंय. कडक कायद्याने सगळी हिंसा थांबत नाही, कट्टेवाल्याची तर नाहीच. थांबायला लावणारा कायदा, कुलूप लावायला लावणारा कायदा, दारुड्या नि मारकुट्या नवऱ्याच्या हातातून काही काळ बंदूक काढून घेणारा कायदा, हे माणसं वाचवतात. मात्र वाचलेल्यांची बातमी येत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांना ते दाखवता येत नाही, ही अडचण आहे खरी. तुमच्या घरी बंदूक नसेल, पण मुलगी ज्या मैत्रिणीकडे खेळायला जाते त्यांना विचारा, तुमच्याकडे आहे का, कुलपात आहे का. अवघड वाटेल. पोहता येतं का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे विचारतोच ना आपण.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाची रात्र अशी जात असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही.

आबांची बंदूक अजून ठाण्यातच आहे. माणूस गेला की जमा करावी लागते. गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला, वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करून घेऊ का, डुकरांनी यंदा निम्मं भात खाल्लं. त्याला ती रात्र माहीत नव्हती. मी सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, अर्ज तर करतो, शेती सोडता येत नाही. सुताराला बोलावून त्याने लोखंडी पट्ट्यांचं कपाट करायला टाकलंय. बंदूक त्यात राहील, काडतुसं वाडीतल्या दुसऱ्या परवानेवाल्याकडे ठेवता येतील का ते ठाण्यात विचारणार आहे, आणि किल्ली वहिनीकडे. खुंटी त्याने उपटून टाकली. भिंतीत भोक राहिलंय, त्यात सध्या कुंभारमाशीने घर केलंय.