गाडीमागची सायकल

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांच्या रविवारच्या सभेत केलेले भाषण)



सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही गाडीच्या मागे ते काय लावलं होतंत, त्यावर बोला." 'लावलं होतंत' हा भूतकाळ त्यांनी मुद्दाम वापरला, हे माझ्या लक्षात आलं. त्याचं कारण पुढे येईलच.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा एक्स्प्रेस वे अजून पूर्ण व्हायचा होता. आपल्या पार्किंगमध्ये दोन-तीन स्कूटर आणि बाकी सगळ्या सायकली. आता गाड्यांना जागा नाही आणि सायकली जिन्याखाली धूळ खात पडल्यात. मी खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालो, हिची साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चालवा काहीतरी. म्हणून आम्ही दोघांनी सायकली काढल्या. पण कर्जत-चौक रस्त्यावर डंपर, आणि शनिवार-रविवारी फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांची रांग. तिथे साठीच्या माणसाने सायकल चालवायची म्हणजे साखरेच्या आधी ब्लडप्रेशर वाढायचं. मग ठरवलं, सायकली गाडीवर घालून कशेळ्याच्या पुढे न्यायच्या आणि पेठच्या किल्ल्याखाली आंबिवलीच्या बाजूला शांत रस्त्यावर चालवायच्या.

परदेशात त्यासाठी 'हिच रिसीव्हर' लावतात. गाडीच्या मागे बंपरखाली एक चौकोनी पोकळ नळी पक्की करायची, तिच्यात सायकल-रॅकचा दांडा सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. अमेरिकेत छोट्या गाडीला सव्वा इंची नळी असते, मोठीला दोन इंची. आपल्याकडे छोट्या गाडीसाठी अशी तयार वस्तू सहसा मिळत नाही, म्हणून हायवेवरच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. अर्ध्या दिवसात काम झालं, रंगही छान काळा मारला. चाळीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला मी, पण खाली वाकून बघितलं नाही. ही चूक माझीच.

तिसऱ्या रविवारी कशेळ्याच्या अलीकडे गतिरोधकावर मागून खर्रकन आवाज आला. आरशात बघतो तर सायकली दिसेनात. अख्खा रॅक खाली लोंबकळत रस्त्यावर घासत होता. मागे मोटरसायकलवर एक जोडपं होतं, बाईच्या मांडीवर लेकरू. त्या मुलाने ब्रेक वेळेत मारला म्हणून वाचलं सगळं. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परत येताना ही एकच वाक्य बोलली, "आपल्याला मागचं दिसतच नव्हतं हो."

घरी आल्यावर गाडीखाली शिरलो. नळी बंपरच्या पट्टीला वेल्ड केली होती. बंपर म्हणजे बाहेर प्लॅस्टिकचं आवरण आणि आत एक आडवी पट्टी. ती पट्टी धडकेत चेपण्यासाठी असते, ओझं उचलायला नाही. जुन्या जीपला खाली लोखंडी चासी असते. छोट्या गाडीला वेगळी चासी नसते. पत्रा घडवून केलेलं अंगच चासीचं काम करतं. त्यातल्या त्यात मजबूत म्हणजे डिकीखाली डाव्या-उजव्या बाजूला पत्र्याच्या दोन पोकळ पेट्या जातात, त्या. ओझं द्यायचं तर तिथेच.

आता हिशोब बघा. पाण्याची बादली पोटाशी धरली तर जड नाही. हात लांब करून धरा, खांदा निखळतो. रॅक १८ किलो, दोन सायकली २८, एकूण ४६ किलो. हे वजन बोल्टपासून ६० सेंटीमीटर मागे लटकतं आणि पुढच्या-मागच्या बोल्टमध्ये अंतर १५ सेंटीमीटर. म्हणजे चौपट. ४६ चोक १८४ किलोची ओढ पुढच्या बोल्टांवर, तीही गाडी उभी असताना! गतिरोधकाच्या दणक्यात ती दुप्पट सहज होते. आणि आपल्याकडे गतिरोधक किती, ते तुम्ही जाणता.

दुसरी गोष्ट चाकांची. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.४ मीटर आणि वजन मागच्या चाकाच्या १.२ मीटर मागे, तर पुढची चाकं २३ किलोने हलकी होतात आणि मागच्यांवर ६९ किलो वाढतात. ज्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यांच्या मागच्या चाकांवर आधीच एका सिमेंटच्या पोत्याहून जास्त वजन बसलेलं असतं. वर दोन माणसं मागे बसली तर आपल्या गेटच्या उतारावर नळी खरवडणार, नक्की.

मी दुसऱ्यांदा सगळं स्वतः केलं. दोन्ही पेट्यांना जोडणारी आडवी पट्टी, ५ मिलिमीटरच्या प्लेटी, १२ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे बोल्ट. पोकळ पेटीतून बोल्ट आवळला की पत्रा चेपतो, म्हणून आत पाइपचा तुकडा घातला. वेल्डिंग अजिबात नाही. जवळच पेट्रोलची टाकी असते. भोकांच्या कडांना झिंक प्रायमर, कारण कर्जतचा पाऊस उघडा पत्रा सोडत नाही. टॉर्क रेंचने ८० न्यूटन-मीटरला आवळलं, शंभर किलोमीटरनंतर परत तपासलं. चार महिने जरासुद्धा हललं नाही.

आणि तरी काढलं. एका संध्याकाळी लाइट गेले होते, ए विंगमधल्या आजी भाजी घेऊन पार्किंगमधून येत होत्या. रिकामी नळी वीतभर बाहेर आलेली, त्यांच्या नडगीवर बसली. तीन टाके पडले. आजी म्हणाल्या, "तुझं काय चुकलं बाबा, मलाच दिसत नाही." त्यावर काय बोलणार? पार्किंगची जागा माझी, पण मधली वाट सगळ्यांची.

कायद्याचं तोवर मी वाचलं नव्हतं, तेव्हा बसून वाचलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार आरसी बुकात उत्पादकाने दिल्याप्रमाणे जे नोंदलंय, त्यापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे लावलं, आणि त्याआधी डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. नळीचं काय, यावर वकील वाद घालू शकतील. पण नंबर प्लेटबद्दल वादच नाही. माझ्या गाडीची प्लेट मागच्या दारावर, दोन सायकली टांगल्या की ती झाकली जाते, वर टेललाइटही अर्धा. हाय सिक्युरिटी प्लेटची नक्कल करून रॅकवर लटकवता येत नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर छोट्या गाडीला हे नकोच. तरी कुणाला लावायचंच असेल, तर भोक पाडायच्या आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. लावल्यावर रॅक उतरला की नळीही उतरली पाहिजे, अशीच करून घ्या.

आम्ही आता मागची सीट पाडतो, सायकलींची दोन्ही चाकं काढतो, मध्ये जुनी गोधडी घालतो. दहा मिनिटं लागतात. ही स्पॅनर चालवायला शिकली आहे, माझ्यापेक्षा लवकर चाक काढते. चेनचं काळं सीटला लागतं, ते रॉकेलने जातं.

टॉर्क रेंच माझ्याकडे पडून आहे. चाकांचे नट आवळायला कुणालाही मिळेल, फक्त परत देताना सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून द्या, नाहीतर आतली स्प्रिंग बसते.