तिकीट कोणास?

उमेदवार निवडून येणारा पाहावा कीं पक्षाच्या मताचा, ह्याचा धडा आपल्या नगर जिल्ह्यांतच आहे. 2019 सालीं भाजपनें तीनदां खासदार झालेले दिलीप गांधी बाजूस सारून, नुकतेच काँग्रेसमधून आलेले सुजय विखे यांस तिकीट दिलें. ते निवडूनही आले. 2024 सालीं त्यांस नीलेश लंके यांनीं पाडलें. तेही ऐन वेळीं अजितदादांचा गट सोडून शरद पवारांकडे आलेले! पडलेल्या तत्त्वनिष्ठाचा लोकसभेंत उपयोग काय, हें म्हणणें मला कबूल आहे. पण बैल घेतांना आपण नुसता खांदा पाहत नाहीं. तो कोणाच्या हाकेस वळतो, तेंही पाहतों. शिर्डीचे वाकचौरे 2009 सालीं शिवसेनेकडून जिंकले, 2014 सालीं काँग्रेसकडून पडले. सतरंज्या घालणाऱ्या आपल्या पोरांनीं घोषणा तरी कोणाच्या द्याव्या? त्यांस तर उमेदवाराचें नांव वर्तमानपत्रांतून कळतें.