तुलनेच्या निबंधाला गुण कशाचे?

(स्मृति नगर, भिलाई येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समोर कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी बरीच दिसताहेत, आणि शिक्षकही आहेत. तेव्हा उदाहरण घरचंच घेतो. समजा, दहावीच्या वर्गाला विषय दिला : ‘भिलाई आणि राउरकेला या पोलाद कारखान्यांची तुलना करा.’ गठ्ठ्यातल्या दोन उत्तरपत्रिका आपण आज इथे मिळून तपासू.

पहिली उत्तरपत्रिका नीटनेटकी. भिलाई छत्तीसगडात, राउरकेला ओडिशात. भिलाईला सोव्हिएत संघाची मदत, राउरकेलाला पश्चिम जर्मनीची. भिलाईचं खनिज दल्ली-राजहऱ्याचं, राउरकेलाचं ओडिशातल्या खाणींचं. भिलाईत रूळ होतात, राउरकेलात पत्रे आणि प्लेटा. अक्षर सुरेख, चूक एकही नाही. पानाच्या मधोमध उभी रेघ मारली, तर निबंधाचा तक्ता होईल.

दुसरीत मुद्दे निम्मेच. पण ही मुलगी सुरुवात साम्यापासून करते. दोन्ही कारखाने सरकारी, दोन्ही दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतले, दोन्हींची सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टनांची. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी राउरकेलाच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं ३ फेब्रुवारी १९५९ रोजी, आणि भिलाईच्या फर्नेसचं दुसऱ्याच दिवशी, ४ तारखेला. एवढं सगळं सारखं, मग माल वेगळा का? तिचं उत्तर असं की देशाला रूळही हवे होते आणि पत्राही हवा होता, म्हणून कामं वाटून दिली गेली. तेव्हा या दोघांत मोठा कोण, हे विचारण्यात अर्थ नाही.

आपल्या नेहमीच्या रिवाजाने पहिल्याला वीसपैकी सतरा पडतील आणि दुसरीला बारा. मला हे अजिबात मान्य नाही. पहिल्याने माहिती दिली आहे, तुलना केलेली नाही. तुलना केली आहे ती दुसरीने.

पण पहिल्या मुलाचा यात दोष किती? भूगोल-विज्ञानाच्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न तो लहानपणापासून सोडवतो आहे. तिथे तक्ता चालतो, मुद्द्यागणिक गुण मिळतात, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे पाठांतर आणि समज एवढंच पाहायचं असतं. तीच सवय तो निबंधात घेऊन येतो. आपणही तीच घेऊन तपासायला बसतो. समासात बरोबरच्या खुणा, शेवटी खुणांची बेरीज, खाली ‘छान’.

निबंधात पहिल्यांदा पाहायला हवं ते हे, की या दोन गोष्टी एकमेकींशेजारी का ठेवल्या. त्यांच्यात पुरेसं साम्य असेल तरच त्यांच्यातला भेद काही सांगू शकतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात हे शिस्तीत मांडलं : बाकी सगळी परिस्थिती सारखी आणि एकच गोष्ट निराळी असेल, तर परिणामातल्या फरकाचं कारण त्या निराळ्या गोष्टीत शोधता येतं. कारखाने, शहरं, माणसं यांच्या बाबतीत इतकी नेटकी परिस्थिती कधी हाती येत नाही. म्हणून तर कुठलं साम्य महत्त्वाचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे विद्यार्थ्याला ठरवावं लागतं. त्या ठरवण्याला गुण द्यायचे.

तपासताना मी एक साधी गोष्ट करतो. राउरकेलाचा भाग हाताने झाकतो आणि भिलाईचा तेवढा वाचतो. ‘माझे गाव भिलाई’ या निबंधात तो जसाच्या तसा चालला असता का? चालला असता, तर राउरकेलाने या निबंधात काहीच काम केलेलं नाही. मात्र काही शिक्षक मुद्देनिहाय मांडणीचा जो हट्ट धरतात, तो मला पटत नाही. आधी एक विषय पूर्ण सांगून मग दुसऱ्याकडे वळणंही चालतं. फक्त दुसरा सांगताना लिहिणाऱ्याची नजर पहिल्यावर राहिली पाहिजे.

आता त्या मुलीच्या निबंधातली कच्ची जागा. ती लिहिते, ‘रशिया मोठा देश, तिथे रेल्वे फार, म्हणून त्यांनी आपल्याला रुळांचा कारखाना दिला.’ वाक्य झोकदार आहे, पण त्याला आधार दिलेला नाही. इथे गुण कापायचे का? मी थोडे कापीन, पण अंदाज बांधला म्हणून नव्हे. अंदाज खात्रीच्या सुरात सांगितला म्हणून. समासात लिहीन, ‘हे कशावरून?’ कारण शोधायचं धाडस तिने केलं आहे, आणि आपल्या लाल पेनने तेच धाडस मेलं तर पुढच्या वर्षी तीही तक्ताच लिहील.

शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवा, एवढं जाता जाता सांगतो. आपल्याकडच्या मुलांचं मराठी हिंदीच्या वळणाने जातं. तसं वाक्य दिसलं की पेन आधी तिथे थांबतं आणि विचार वाचायचा राहून जातो.

याच मुलांसाठी मला एक विषय सुचवायचा आहे. इथून जवळच, राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवत होते. १९६४ मध्ये ते गेले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध. एकच मराठी घर, दोघेही कवी, दोघेही समीक्षक, दोघांवरही मार्क्सवादी विचारांचा प्रभाव. थोरल्याने हिंदीत लिहिलं आणि ‘तार सप्तक’ या हिंदी कवितासंकलनातल्या कवींत त्याची गणना झाली. धाकट्याने मराठीत लिहिलं आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी त्याला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘एक हिंदीत, एक मराठीत’ एवढ्यावर निबंध संपला, तर पुन्हा तक्ताच. पण घरी मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलणारं आपलं मूल इथे थांबून विचारू शकतं, की लिहायची भाषा माणूस निवडतो तेव्हा त्याचा वाचक, त्याचे मित्र, त्याचे वाद हेही ठरून जातात का? पुण्यातल्या मुलाला हा प्रश्न मुद्दाम शिकवावा लागेल. आपल्या मुलाच्या तो रोजच्या जगण्यात आहे.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती अशी. प्रश्न नुसता ‘तुलना करा’ असा काढू नका. तुलनेतून काय शोधायचं तेही त्यात येऊ द्या. वीसपैकी निदान दहा गुण, तुलनेतून निघालेल्या निष्कर्षाला आणि त्याच्या आधाराला राखून ठेवा, आणि हे वर्गाला आधी सांगा. आधी न सांगता गुण कापणं अन्यायाचं होईल.

आणि पहिल्या मुलाची वही नुसती कमी गुण घालून परत करू नका. त्याच्याकडे माहिती त्या मुलीपेक्षा जास्त आहे. खाली एवढंच लिहा : ‘तू मांडलेल्या फरकांपैकी कोणता एक फरक बाकीच्यांचं कारण आहे?’ आणि आठवड्याची मुदत देऊन निबंध पुन्हा लिहून आणायला सांगा. दुसऱ्या खेपेचे गुण धरा, पहिले खोडून टाका.