ज्यांचे गाणे, त्यांचा देश



 स्थलांतरितांच्या संगीतावरची ही परिषद रत्नागिरीत भरावी, हे अगदी योग्य झाले. मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांत आपल्या कोकणातलीही कुटुंबे होती.

‘यजमान देश’ हा शब्द या चर्चेत वारंवार येईल. मॉरिशसच्या बाबतीत मला तो पटत नाही. त्या बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच. डच, फ्रेंच, इंग्रज बाहेरून आले. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले, १८३४ पासून हिंदुस्थानातले गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, आले. सगळेच आलेले, पण सभ्य ठरले ते मळेवाल्यांचे संगीत. गुलामांचा सेगा, म्हणजे त्यांचे गाणे आणि नाच, चर्चने आणि प्रतिष्ठितांनी हिणवला. सेगाचे मुख्य वाद्य रावान, बकऱ्याच्या कातड्याचे. वाजवण्याआधी ते विस्तवावर शेकतात. आपल्या डफवाल्यांना त्याचे कारण सांगायला नको. तोच सेगा आज मॉरिशसची ओळख आहे आणि २०१४ मध्ये युनेस्कोनेही त्याला आपल्या वारसा यादीत घेतले. पुढे २०१६ मध्ये गीत-गवई त्या यादीत आली. लग्नघरात भोजपुरी बायका ढोलक, लोटा, थाळी, चमचे घेऊन गातात ती ही गाणी. भोजपुरी बोल सेगाच्या ठेक्यावर चढले, तेव्हा तर हे गाणे कोणत्या समाजाचे, हा प्रश्नच मागे पडला.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मॉरिशसहून आलेले पाहुणे ती माझ्याहून अधिक जाणतात. सेगाला रेगेची जोड देणारा गायक काया १९९९ मध्ये पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगली उसळल्या. ज्यांच्या गाण्यावर देश नाचतो, त्यांना देशात बरोबरीची जागा मिळतेच असे नाही. संगीताचा गौरव करताना गाणाऱ्यांच्या हालांकडे डोळेझाक झाली, तर तो गौरव पोकळ आहे, असे माझे ठाम मत आहे.

मॉरिशसच्या बऱ्याच मराठी घरांत आता रोजचे बोलणे क्रिओलमध्ये होते. पण गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतीपुढे झाकरी होते. आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाची ती सख्खी बहीण. दोघींची गाणी शेजारी ठेवून ऐकली, तर इथे काय विसरले गेले आणि तिथे काय नव्याने जोडले गेले, ते कळेल. हे काम जुने गाणारे हयात आहेत तोवरच होऊ शकते.

म्हणून शाहीर मंडळींना माझी विनंती आहे, आपल्या गाण्यांच्या वह्या या परिषदेत मोकळ्या मनाने उघडा. पाहुण्यांनी तिकडच्या झाकरीची गाणी आम्हाला ध्वनिमुद्रित करू द्यावीत आणि अभ्यासकांनी दोन्हींचा एकत्र संग्रह करण्याचे काम इथूनच हाती घ्यावे.