तीरकामठ्याचा बाक
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण तीरकामठ्याविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आता तीरकामठ्याचं काय काम?" बरोबर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. रानातली शिकार आता गुन्हा आहे. पण तिरंदाजी हा खेळ जिवंत आहे. तो ऑलिंपिकमध्येही खेळतात. आणि कामठा घडवणे ही हाताची विद्या आहे. ती समजून घेतली, तर तासणी आणि रंधा धरणाऱ्या प्रत्येकाला तिचा उपयोग होईल.

आपल्या देशात ही विद्या फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार जिनसांची धनुष्ये सांगितली आहेत. सातपुड्यातले भिल्ल बांधव बांबूचा कामठा करतात, त्याची दोरीही बांबूच्याच चिपेची असते. आज मी लाकडाच्या कामठ्याचे सांगणार आहे.

आधी त्याची अंगे ओळखू. मधोमध मूठ. मुठीच्या वरचा तो वरचा बाहू, खालचा तो खालचा बाहू. दोन्ही टोकांना दोरी अडकवायची खाच. बाण मारणाऱ्याकडे असते ते कामठ्याचे पोट आणि समोर निशाणाकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. हे दोन्ही सोसेल तेच लाकूड चांगले. आपल्या रानातली धामण तशी आहे. लवचीक आणि चिवट, म्हणून तर कुऱ्हाडीच्या दांड्याला ती घेतात.

विलायतेत यू नावाच्या झाडाचे लाकूड घेत. त्याच्या सालीजवळचे पांढरट लाकूड ताण सोसते, तर आतला गाभा दाब सोसतो. कारागीर पांढरा भाग पाठीला ठेवी आणि गाभा पोटाला. इंग्लंडच्या राजाचे 'मेरी रोझ' नावाचे लढाऊ जहाज १५४५ साली समुद्रात बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढला. त्या जहाजावर अशी शंभराहून जास्त धनुष्ये मिळाली. बहुतेक सहा फुटांहून लांब. चारशे वर्षांवर पाण्याखाली राहूनही त्यांचा घाट कळत होता.

आता मुख्य गोष्ट. लाकूड सरळ रेषेचे, गाठी नसलेले आणि चांगले वाळलेले घ्यावे. पाठीकडचे तंतू तोडू नयेत. ते अखंड राहू द्यावेत. तासायचे ते पोटाकडून. मुठीपाशी जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ असा आकार आला की काम निम्मे झाले. पण खरी परीक्षा पुढेच आहे. ती परीक्षा बाकाची.

कामठ्याची मूठ भिंतीवरच्या आधाराला टेकवा. दोरीला एक दोर बांधा. तो खाली कप्पीतून घ्या. मग आठ-दहा फुटांवर उभे राहून दोर सावकाश ओढा आणि पाहा. दोन्ही बाहू सारखे वाकतात का? बाक एकसारखा आहे का? की एका जागी बिजागरीसारखा मोडतो आणि बाकीचा भाग काठीसारखा ताठ राहतो?

डोळ्याला कळले नाही, तर वीतभर सरळ पट्टी घ्या. कामठा थोडा वाकलेला असताना ती पोटावरून सरकवत न्या. पट्टीखाली फट दिसेल. फट जास्त तिथे बाक जास्त. पट्टी चिकटून बसली तिथे लाकूड ताठ.

आता सांगा बरं, तासायचे कुठे? नवशिका माणूस जिथे जास्त वाकते तिथेच पाहत राहतो. तिथले लाकूड खडबडीत दिसते, मग तो तेच साफ करायला जातो. इथेच घात होतो. जी जागा आधीच जास्त वाकते आहे, तिला हात लावायचा नाही. जी ताठ आहे, जी आपला वाटा उचलत नाही, तिचेच लाकूड काढायचे. ती वाकू लागली की कमजोर जागेवरचा भार आपोआप हलका होतो.

कामठा मोडतो तो बहुधा सगळा कमजोर असतो म्हणून नाही. सगळ्यांच्या वाट्याचा बाक एकाच जागेवर पडतो, म्हणून मोडतो. घरातही असेच असते ना? एकटीच राबते आणि बाकीचे ताठ बसून असतात.

पण ताठ जागाही बेताने तासायची. इथे थोडे गणित आहे. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर मात्र तो आठवा हिस्साच उरतो. जाडीचा नुसता दहावा भाग काढला, तरी पाव हिश्शाहून जास्त ताठपणा जातो. म्हणून या वेळी वाकस नको. कानस घ्या, नाहीतर काचेच्या तुकड्याने खरवडा. थोडे खरवडावे, कामठा वीस-तीस वेळा हलकेच ओढावा, मग पुन्हा पाहावे. लाकडाला बाकाची सवय व्हायला वेळ लागतो. काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

बाक वाकडा दिसत असताना आणखी ओढू नका. आधी दुरुस्त करा, मग दोरी एक इंच पुढे. पूर्ण ओढीपर्यंत असेच इंचाइंचाने जायचे. ताणकाट्याने जोर मोजत राहायचे. ठरवलेल्या जोराच्या पलीकडे कधीही ओढायचे नाही.

एखादी जागा फारच कमजोर निघाली तर? मग बाकी सगळ्यांनी तिच्यापर्यंत खाली यायचे. २० किलो जोराचा ठरवलेला कामठा १६ किलोचा होईल. होऊ द्या. चार किलोचा हट्ट धरला तर कामठाच हातात राहणार नाही. शिवाय मोडलेला तुकडा तोंडावर येतो, डोळा जाऊ शकतो. म्हणून ओढून पाहताना जवळ पोरे उभी करू नका. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू नका. बाणाकडे जाणारा सगळा जोर लाकडातच बसतो.

दोन्ही बाहू अगदी सारखे हवेत का? थोडा फरक ठेवतात. बाण मुठीच्या वरून जातो, म्हणून खालचा बाहू किंचित ताठ ठेवतात. दोरीपासून मोजले तर वरचे अंतर एक-दोन सूत जास्त भरते.

आता तुमच्या पाटी-पेन्सिलीचा उपयोग सांगतो. ताठ जागेवर पेन्सिलीने खूण करा आणि लिहा, "इथे घासा." कमजोर जागेवर लिहा, "हात लावू नका." वहीत रोज दोन आकडे मांडा, किती इंच ओढले आणि किती किलो भरले. दुसऱ्या दिवशी काम हाती घेताना आठवणीवर विसंबू नका. लिहिलेले वाचा आणि मगच कानस उचला.