बारा वर्षांची पिकअप घ्यायची की नाही?

मागच्या भागात ठिबकच्या फिल्टरवर बोललो होतो, आणि आज पाइपलाइनीवर बोलायचं असं ठरलं होतं. ते आज होणार नाही, कारण पाइपलाइनीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मध्येच दुसरीकडे निघाले. त्याचीच गोष्ट सांगतो. ज्यांना जुनी डिझेल पिकअप घ्यायचीय, घरात रोज त्यावरून वाद चाललाय, त्यांनी शेवटपर्यंत ऐका.

महिन्यापूर्वी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, एक पिकअप बघितलीय. २०१३ चं मॉडेल, एकदम टकाटक. तीन दहा म्हणतोय, तीनला देईल. तू ये फक्त." मी म्हटलं, येतो, पण तोपर्यंत काही देऊ नकोस. तिकडून जरा शांतता. मग म्हणतो, "दहा हजार इसार दिलाय." झालं.

आता त्याचंही चुकत नाही. आम्ही जुन्नरच्या पुढे राहतो. नारायणगावचा टोमॅटो बाजार आम्हाला १८ किलोमीटर. दर बरा असला की माळशेज उतरून वाशीला माल जातो, ते जवळजवळ दीडशे किलोमीटर. गाडी भाड्याची. गेल्या पावसाळ्यात एका दिवशी ९० क्रेट तोडून बांधावर लावले आणि भाड्याचा पिकअपवाला आलाच नाही. त्याला लांबचं भाडं मिळालं होतं, तो तिकडे गेला. माल रात्रभर ताडपत्रीखाली राहिला. आदल्या दिवशी क्रेटला ७०० चा भाव होता, दुसऱ्या दिवशी ४५० मिळाला. म्हणजे एका रात्रीत साडेबावीस हजार गेले. भावाच्या डोक्यात तेव्हापासून एकच, आपली गाडी पाहिजे.

तर मी गेलो, पण गाडी बघायच्या आधी त्याला वही काढायला लावली. गेल्या हंगामात नारायणगावला ३४ खेपा झाल्या, खेपेला १,२०० रुपये. वाशीला सहा, खेपेला ५,०००. दोन्ही मिळून ७०,८०० रुपये भाडं गेलं. भाऊ म्हणाला, बघ, चार वर्षांत गाडी फुकट!

थांब म्हटलं, दुसरं पान काढ. विमा. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच जीएसटी धरून १७-१८ हजारांत जातो. स्वतःची कार असणाऱ्यांना हा आकडा ऐकून धक्का बसतो, कारण त्यांना तो दोन-तीन हजारांचा माहीत असतो. पुढे डिझेल. भरलेली पिकअप ११ चं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं आणि डिझेल ९० रुपये, तर नारायणगावची जाऊन-येऊन खेप ३०० रुपयांना पडते, वाशीची अडीच हजारांना. हंगामाचे झाले २५ हजार. पासिंग, पीयूसी, टॅक्स यांचे सात हजार. चार टायर तीन वर्षं चालले तर वर्षाला नऊ हजार. आणि जुन्या गाडीची दुरुस्ती वर्षाला २५ हजार. हा आकडा मी मिस्त्रीला विचारून धरला. तो तर म्हणाला, पहिल्या वर्षी चाळीस धरा.

बेरीज ८४ हजार. भाडं जात होतं ७१ हजार. म्हणजे गाडी कुणी फुकट दिली असती तरी आम्ही वर्षाला १३ हजारांनी खाली! भाऊ दोन मिनिटं वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण मी शेजाऱ्यांचा माल नेईन ना." बरोबर आहे, खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. नुसता स्वतःचा माल न्यायला तीन एकरवाल्याला पिकअप परवडत नाही. धंदा म्हणून चालवली तर परवडू शकते. शेजाऱ्यांच्या ६० खेपा नारायणगावच्या मिळाल्या तर डिझेल जाऊन खेपेला ९०० सुटतात, म्हणजे ५४ हजार. तेरा वजा केले की उरले एक्केचाळीस. आणि त्यात भावाचा रोज धरलेला नाही, हे लक्षात ठेवा. पहाटे चारला उठून लोकांचे क्रेट भरायचे, ते फुकट.

आता गाडीची किंमत. तीन लाखांची २०१३ ची गाडी तीन वर्षांनी विकायला काढली तर तिला १५ वर्षं झालेली असतील. पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाडीची पासिंगची फी सरकारने २०२२ पासून बरीच वाढवलीय, त्यामुळे घेणारा आधीच हात आखडता घेतो. पावणेदोन लाख आले तरी नशीब. म्हणजे सव्वा लाख तीन वर्षांत उतरले, वर्षाला ४२ हजार. उरलेल्या एक्केचाळीसात ते साफ. हातात काय राहिलं, तर माल वेळेवर जाण्याची खात्री. त्या साडेबावीस हजारांच्या रात्रीकडे बघितलं तर ही खात्री काही थोडकी नाही, पण तिला नफा म्हणू नका.

अजून एक गोष्ट वहीतून निघाली, जी सांगायला मला जरा लाज वाटते. आमच्याकडे पिकअपमध्ये ९० क्रेट सर्रास भरतात. त्या गाडीची आरसी काढून बघितली. भरलेल्या गाडीचं एकूण वजन २,९९० किलो, रिकाम्या गाडीचं १,७२०. राहिले १,२७० किलो. क्रेटमध्ये माल २० किलो आणि क्रेटचं वजन दोन किलो, म्हणजे ५७ क्रेट. नव्वद क्रेट भरणाऱ्याचं भाडं आपल्याला स्वस्त वाटतं ते या ओव्हरलोडवर. गाडी आपली झाली की पाटा तुटला तर आपला, माळशेजच्या उतारावर ब्रेक तापले तर तेही आपलेच. भावाने ६० च्या वर भरणार नाही असं कबूल केलंय. सकाळच्या गडबडीत तो ते किती पाळतो, बघू.

त्या एकूण वजनाच्या आकड्यावर आणखी एक गोष्ट ठरते. मोटार वाहन कायद्यात तीन हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं. एकाच नावाच्या पिकअपमध्ये दोन्ही प्रकारची मॉडेलं असतात, तेव्हा नावावर जाऊ नका, आरसी वाचा. लायसन्सचं विचाराल तर साधं एलएमव्ही चालतं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला वेगळं ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. आणि 'दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद' हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, तो दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्याचा विषय आहे. आपल्याकडे तसा नियम नाही.

बरं, आता गाडीकडे. आम्ही सांगून गेलो होतो सकाळी दहाला. मिस्त्री बरोबर होता, दीड हजार रुपये ठरवून. त्याने गेल्या गेल्या काही न बोलता बॉनेटवर हात ठेवला. गरम. "मालक, गाडी कुठं गेली होती का?" "नाय, जरा पुसून घेतली." पुसून इंजिन गरम होत नाही. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का, आणि उठल्यावर काय धूर टाकतं, ही जुन्या डिझेलची खरी परीक्षा. ती आमच्यापासून लपवली होती. आम्ही परत आलो आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला न सांगता जाऊन उभे राहिलो. थंडीत उठायला चार सेल्फ लागले. आधी पांढरा धूर, तो थोडा वेळ असतोच, त्याचं काही नाही. पण गरम झाल्यावर रेस दिली की निळसर धूर राहत होता. निळा म्हणजे ऑईल जळतंय. मग मिस्त्रीने चालू इंजिनवर ऑईलचं टोपण सैल करून नुसतं वर ठेवलं. ते थडथड उडायला लागलं, आतून धूर फकाफक. याला ब्लो मारणं म्हणतात. रिंगा गेल्या की कॉम्प्रेशनची हवा खाली चेंबरमध्ये येते. म्हणजे आज ना उद्या इंजिन उघडायचं, आणि तो खर्च मिस्त्रीने ७० हजारांच्या पुढे सांगितला.

खाली चासी बघितली तर नवीकोरी काळी. माझ्या भावाला तेच आवडलं होतं! मिस्त्री म्हणाला, बारा वर्षांच्या गाडीची चासी मळकी दिसली पाहिजे, रंग मारलाय म्हणजे काहीतरी झाकलंय. बॅटरी लावून बघितलं, तर मागच्या पाट्याच्या हँगरजवळ वेल्डिंग. पाट्यांच्या जुडग्यात दोन पाटे वरून चढवलेले. ही गाडी आयुष्यभर दुप्पट माल ओढत आली, हे त्यावरून कळतं. मीटरवर ९८ हजार किलोमीटर होते आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड चकचकीत झालेलं. मीटर खोटं बोलू शकतं, पेडल सहसा नाही.

एवढं होऊनही भाऊ म्हणत होता, दोन साठला मागू. कागदांनी मात्र विषय संपवला. विकणाऱ्याच्या नावावर गाडी नव्हतीच. आरसीवरचा मालक वेगळा, त्याच्याकडून दुसऱ्याने नोटरी करून घेतलेली, त्याच्याकडून यांनी. आणि आरसीवरचा मूळ मालक दोन वर्षांपूर्वी वारलेला. म्हणजे आधी त्याच्या वारसांनी फॉर्म ३१ भरून गाडी त्यांच्या नावावर करायची, मग त्यांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आपल्याला द्यायची. वर फायनान्सचा बोजाही आरसीवर तसाच. हप्ते फिटले म्हणे, पण फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. विकणारा म्हणतो, "काय होत नाय पाव्हणं, अशाच फिरतात गाड्या." फिरतात हे खरं. पण थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. विमा आपल्या नावावर नसेल तर ठोकलेल्या गाडीचा खर्च आपला. आणि विकणाऱ्यांनीही ऐका. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो, २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. नोटरीचा कागद तिथे उपयोगाला येत नाही.

इसाराचे दहा हजार गेले. मागायला दोनदा गेलो, तिसऱ्यांदा आई म्हणाली, "राहू दे, शिकवणीची फी समजा." मला ते अजून बोचतं.

नंतर तीन आठवड्यांनी ओतूरकडची एक गाडी कळली. २०१६ चं मॉडेल, पहिल्या मालकाकडेच, दूध संकलनाला चालायची. बघायला अगदी ओंगळ, हौद्याचा पत्रा दोन ठिकाणी सडलेला, दरवाजा दोरीने बांधलेला. भावाने तोंड वाकडं केलं. सकाळी सहाला इंजिन थंडगार होतं आणि पहिल्या सेल्फला उठलं. टोपण जागेवरून हललं नाही. चासी मातीने भरलेली, खरवडून बघितली तर कुठे जोड नाही. क्लच संपत आलेला, १४ हजारांचं काम. स्टेअरिंगला प्ले. टायर दोन बरे, दोन गेलेले. कागद एकाच माणसाचे, बोजा उतरलेला, ई-चलानचे साडेचार हजार बाकी, ते त्याने समोर भरले. पासिंग चार महिन्यांचं शिल्लक. आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी येतं, तेही धरून ठेवा.

मी स्वतः बीएस ६ गाडीच्या बाजूने होतो, चार-पाच वर्षांची, सहा लाखांपर्यंत. मिस्त्रीने मला गप्प केलं. त्या गाड्यांच्या सायलेन्सरला काजळीची जाळी असते, ती साफ व्हायला गाडी जरा लांब आणि तापून पळावी लागते. तुमच्या १८-१८ किलोमीटरच्या खेपांत ती तुंबत राहणार, आणि दिवा लागला की स्कॅनर माझ्याकडे नाही. ही २०१६ ची मात्र पंपाची जुनी पद्धत आहे, ती मी रस्त्यात उघडू शकतो. आपल्या गावात दुरुस्त होणारी गाडी घ्यायची, हे मला पटलं. ज्यांचं रोजचं वाशी आहे, त्यांचा हिशोब वेगळा निघेल.

मागत होता तीन साठ. क्लच, टायर आणि पत्र्याचे पैसे वहीत लिहून त्याच्यासमोर ठेवले. तीन पंधराला तुटलं. पाइपलाइन पुढच्या वर्षावर गेली. आई नाराज आहे, कारण विहिरीचं पाणी वरच्या वावरात जात नाही आणि गाडीने ते जाणार नाही, हे तिचं म्हणणं बरोबरच आहे.

पैसे तीन टप्प्यांत ठरलेत. पन्नास हजार दिलेत, दोन लाख फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर दिले, उरलेले पासष्ट आरसी नावावर आल्यावर. अजून आलेली नाही. तोपर्यंत गाडी क्लचच्या कामाला मिस्त्रीकडे उभी आहे, आणि भाऊ रोज संध्याकाळी तिथे जाऊन तो दोरीचा दरवाजा बघून येतो. हंगाम संपला की वही घेऊन परत बसू, आकडे जसे असतील तसे सांगेन. पाइपलाइनीचा भाग त्याच्याही नंतर. येतो.