ताकद आहे, ओळख नाही

पावसाळा सरता सरता अकोला-अमरावतीच्या दवाखान्यांत आया एकच गाऱ्हाणं घेऊन येतात : "पोट्ट्याच्या आंगात ताकतच नाई जी, सर्दी हटतच नाई."

माय, ताकद आहे. ओळख नाही. बाळ जन्माला येतं ते तुझ्या रक्तातली प्रतिपिंडं शिदोरीसारखी घेऊन. सहा महिन्यांत ती संपत येते, आणि मग दारात येणारा प्रत्येक विषाणू अनोळखी. त्याच्याशी झुंजताना शरीर त्याची खूण जपून ठेवतं. लहान लेकराला वर्षातून सहा-आठ सर्द्या होतात, त्या यापायीच.

फेब्रुवारी 2021 आठवा. कोरोना उसळला आणि 22 तारखेपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. घरची मोठी माणसं धापा टाकत होती. लेकरं बहुधा दोन दिवसांच्या तापावर निभावली. त्यांच्या नाकातल्या पेशी आधीच सावध असतात, विषाणू शिरताच इंटरफेरॉन नावाची विषाणूरोधक द्रव्यं सोडतात. मोजक्या मुलांवर मात्र महिन्याभरानं विषाणूशी लढणारी शरीराची हीच फौज उलटली, अन् हृदयालाही सूज आली.

मग मेळघाटातलं तान्हं साध्या सर्दीनं का दगावतं? तिथल्या 93 आदिवासी गावांत 2016 पासून दोन वर्षांखालच्या मुलांचा अभ्यास झाला. घरीच झालेल्या काही बालमृत्यूंमागे आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला. मोठ्यांना त्यानं नुसतं नाक गळतं. बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या मात्र जराशा सुजेनंही बुजतात. त्यातून आईची शिदोरी पोहोचते ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्याच्या वाट्याला ती अर्धीमुर्धीच येते. म्हणून मला वाटतं, या बाळाचं औषधपाणी गरोदर बाईच्या ताटापासून सुरू व्हायला हवं.

गोवर याहून कपटी. जपलेल्या जुन्या खुणाच तो पुसतो, आणि लेकरू पुन्हा अनोळखी जगात पडतं. नवव्या महिन्याची लस चुकवू नका.

अन् पोट उडतंय म्हणून तापल्या विळ्याचे चटके देऊ नका हो. ते पोट श्वासासाठी धडपडत असतं. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळानं दूध सोडलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री आरोग्य केंद्र गाठा.